मागचा आरसा

— राहू द्या, राहू द्या, वाकू नका, मी देतो उचलून. पिशवीतून तुमच्या पडला हा. काय आहे? अहो, ओढताय कशाला हातातून, वाचता येतं मला — विरळ होणाऱ्या केसांसाठी फेस, फक्त पुरुषांसाठी, दिवसातून दोनदा, अर्धं झाकण. एवढे काय लाजताय, चोरीचा माल आहे का? बसा. त्या खुर्चीवर नको, ह्या बसा. ती रिकामी दिसते खरी, पण ती आज जायची आहे, पाचला टेम्पो येणार आहे तिच्यासाठी. का म्हणजे? जातात वस्तू. माणसं जातात, केस जातात, खुर्चीला काय सोनं लागलंय? मान जरा खाली घ्या. हं — तरी म्हटलं. भोवऱ्यापाशी उजाडायला लागलंय की. किती दिवस लावताय हा फेस? तीन आठवडे. आणि आता आधीपेक्षा जास्त गळतात म्हणता. वा! म्हणजे पदरचे पैसे घालून टक्कल विकत आणलंत. नाही, माहीत आहे मला, सुरुवातीला गळतातच, कागदावर लिहिलेलं असतं तसं, जुने जातात मग नवे येतात — छान सोय आहे! गळले तरी औषध लागू पडलं, नाही गळले तरी औषध लागू पडलं. असा धंदा मला कोणी शिकवला असता तर कात्री कशाला धरली असती मी?

तीस वर्षं डोकी बघतोय साहेब. तोंडं नाही, डोकी. तोंड माणसाचं खोटं बोलतं, डोकं बोलत नाही. ह्या कानापासून त्या कानापर्यंत चार केस ताणून नेणारे बघितले — वारा आला की सगळं छप्पर एका बाजूला उघडतं. टोपीवाले एक सर येतात, शाळेत शिकवायचे, त्यांनी टोपी काढायची म्हटलं की मी दुकानाचं दार लोटून घ्यायचं, असा करार आहे आमचा. आत येऊन टोपी काढतात, भिंतीकडे तोंड करून बसतात, जशी काही मी त्यांची अब्रू मोजणार आहे. पण ह्या सगळ्यांत तुम्ही फेसवाले म्हणजे — राग मानू नका, मानलात तरी चालेल — तुमच्याइतकी केविलवाणी जात दुसरी नाही. टोपीवाला निदान हरलोय हे कबूल करतो. तुम्ही नाही. सकाळी अर्धं झाकण, रात्री अर्धं झाकण, मग उशीवरचे केस मोजायचे, मग आरशापुढे मान वाकडी करून डोळे वर, डोळे खाली, आणि मग इथे यायचं आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, काय हो, काही फरक वाटतो का? फरक! चार महिने लावा, मग बोला. आणि चार महिन्यांनी आलेच चार, तर बंद करायची सोय नाही, बंद केला की आलेले चार गेलेच. म्हणजे जन्माची चाकरी. लग्न परवडलं.

उठता कुठे? नाही, नाही. आता उठायचं नाही. कापड बांधलंय तुमच्या गळ्याला. आमच्याकडे नियम आहे, वडिलांनी घालून दिलेला — एकदा कापड गळ्याभोवती गेलं की खुर्चीतल्या माणसाला उठवायचं नाही आणि अर्ध्यात सोडायचं नाही. गिऱ्हाईक शिव्या देऊ दे, बाहेर आग लागू दे. एकदा एक माणूस माझ्याशी भांडला, हातघाईवर आला, पण खुर्चीत होता, कापड बांधलेलं होतं — शेवटपर्यंत केस कापले त्याचे, मग कापड सोडलं, आणि मग दिली एक ठेवून. नियम म्हणजे नियम. ह्या दुकानात दोन्ही खुर्च्यांना तोच नियम होता. आहे. एकीला तरी आहे.

तर फेसाचं सांगत होतो. तुम्हाला वाटत असेल, ह्याला एवढी आग का? सांगतो. तुम्हाला मागचा आरसा माहीत आहे ना — कापून झालं की न्हावी मागे आरसा धरतो, तुम्ही समोर बघता, मान हलवता, ‘ठीक आहे’ म्हणता. कधी काही दिसलंय त्यात? मान दिसली असेल. मानेवरची रेघ, कानामागची कड. भोवरा दिसलाय कधी? नाही दिसला. कसा दिसेल, आम्ही दाखवलाच नाही! आरसा मानेपाशी धरायचा, खाली, डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा, पटकन, आणि गिऱ्हाइकाचा डोळा स्थिर व्हायच्या आत ‘छान!’ म्हणायचं. वर धरा कोणी म्हणालंच तर हात वर न्यायचा आणि आरसा तिरका करायचा — छत दिसतं त्याला, पंखा दिसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे पहिल्या दिवशी शिकवलं मी धाकट्याला. कात्री नंतर दिली हातात, आधी आरसा. म्हटलं, बाळा, केस कोणीही कापेल, आरसा धरता आला पाहिजे. माणूस इथून उठून घरी जाणार, कामावर जाणार, चार लोकांत बसणार. त्याचं डोकं त्याला तेवढंच दाखवायचं जेवढं घेऊन तो रस्त्यानं चालू शकेल.

धाकटा म्हणजे भाऊ माझा. त्या खुर्चीवर बावीस वर्षं होता. खुर्ची त्यानंच निवडून आणलेली — बघा, खाली पायानं दाबलं की वर जाते, कुरकुर नाही, काही नाही. माझी ही कुरकुरते. दर सुट्टीच्या दिवशी सकाळी दार अर्धं बंद करायचं, मी त्या खुर्चीवर बसायचो, तो माझे कापायचा, मग तो बसायचा, मी त्याचे. न्हाव्याला स्वतःचं डोकं स्वतः करता येत नाही, एवढंच एक आमचं दुखणं. बावीस वर्षं ह्या डोक्याला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही. आणि असा निघावा! नको. जाऊ दे. तो विषय नाही, विषय फेसाचा आहे.

तर माझं एक गिऱ्हाईक होतं. नाव कशाला हवं तुम्हाला. चांगला माणूस, चार लोकांत मान, दुसऱ्यांच्या टकलांवर हसण्यात पहिला नंबर. त्यानं गुपचूप आणला हा डबा, आपल्या गल्लीत नाही, तीन थांबे पलीकडे जाऊन, औषधवाला ओळखीचा नको म्हणून. कागद बिगद वाचतोय कशाला, आयुष्य गेलं फेसात हात घालण्यात, मला कोण फेस शिकवणार? घेतली वाटी, कोमट केली, कारण थंड वाटीत फेस धरत नाही — दाढीचा. हा फेस दाढीचा नाही, हा ऊब लागली की विरघळतो, बोटं सुद्धा थंड पाण्यानं धुवून घ्यायला सांगतात. ह्यानं वाटीत काढला आणि बघतो तर पाणी! म्हणून आणखी काढला, ब्रश घेतला, घुसळला, टाळूवर गोल गोल लावला, दहा मिनिटं ठेवला, आणि मग — ऐका — मग गरम टॉवेल घेतला आणि स्वच्छ पुसून टाकला. फेस लावला की पुसायचा, हात दुसरं काही जाणतच नाही ना! दोन महिने, साहेब, रोज दोनदा, लावायचा आणि पुसायचा. सगळं औषध टॉवेलाला. टॉवेलाला केस यायला हवे होते! मग एक दिवस त्याच्या बायकोनं तो कागद उलगडून मोठ्यानं वाचला — चार तास डोकं धुवू नये, पुसू नये — आणि ती अशी हसली, अशी हसली की स्वयंपाकघरात खाली बसली, डोळ्यातून पाणी, आणि मला म्हणते, अहो, आता दाढी सुद्धा वाचून करत जा.

काय? मला नाही म्हणाली, त्याला म्हणाली. तोच सांगत होता मला. ब्रश? असतो की लोकांच्या घरी ब्रश. वाटी असते. गरम टॉवेलाचा डबा — आता नसतो प्रत्येकाच्या घरी, पण असतो एखाद्याकडे. हसू नका. कात्री कानापाशी आहे. बरं, हसा. हसा एकदाचे. मीच तो. झालं समाधान? ह्या वयात, ह्या धंद्यात, ह्या तोंडानं — मी. तो बघा माझा डबा, पावडरीच्या मागे. तुमच्याच डब्याचा भाऊ. मी मघाशी केविलवाणी जात म्हणालो ना, ती आपली दोघांची.

मला ठाऊक नव्हतं हो. कसं असणार? समोरून बघा ना, आहे की नाही झुडूप? समोरून मी राजा आहे. पन्नाशी उलटली तरी दाट केसांचा न्हावी — पाटीपेक्षा मोठी जाहिरात ती. गिऱ्हाइकांना सांगायचो, माझ्याकडे बघा, तेल नाही, औषध नाही, नुसतं मन साफ ठेवतो. मन साफ! आणि मग हिच्या खोकल्याचं औषध आणायला गेलो कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे. गर्दी होती. त्यानं नवीन कॅमेरा लावलेला, वर पडदा, पडद्यावर सगळी रांग मागून दिसत होती. त्यात एक माणूस, भोवऱ्याच्या जागी अशी बशीएवढी चकचकीत जागा, वर दिवा पडलेला, नुसती चमकतेय. मला राहवलं नाही. जिभेला हाड नाहीच माझ्या. मोठ्यानं म्हटलं, अहो, ह्या पडद्यावरच्या महाशयांना माझ्याकडे पाठवा, चार उरलेत तेही साफ करून देतो, तुमचा दिव्याचा खर्च वाचेल! आणि बोट केलं पडद्याकडे. तर त्या माणसानंही बोट केलं. मी हात खाली घेतला, त्यानं घेतला. आधी मागचा एक पोरगा हसला, मग एक बाई, मग सगळी रांगच. औषधवाला नाही हसला, तो नुसता बाटली पुसत राहिला. ते जास्त लागलं मला.

औषध न घेताच परत आलो. इथे. धाकटा टोपीवाल्या सरांचे केस कापत होता, दार लोटलेलं. मी दार उघडलं धाडकन. बिचारे सर, टोपी शोधायला लागले. आणि मी तिथेच, गिऱ्हाइकासमोर, बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं — त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, दर सुट्टीला ह्या डोक्यामागे उभा राहतोस, किती वर्षं दिसत होतं तुला? तो म्हणाला, सहा-सात. सहा-सात वर्षं! म्हटलं, आणि दर वेळी आरसा धरून छान म्हणायचास? मला? मी शिकवलेली लबाडी माझ्यावरच? अरे, केसानं गळा कापलास माझा! तो काय म्हणाला असेल? त्यानं कात्री खाली ठेवली आणि हळू म्हणाला, “दादा, तू कधी वर धर म्हणालाच नाहीस.” एवढंच. ह्यापेक्षा शिवी दिली असती तर परवडलं असतं. मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. सरांचे अर्धेच कापून झाले होते, तरी मी म्हटलं, आता निघ. कापड बांधलेलं होतं त्यांच्या गळ्याला.

हो. नियम मीच मोडला. बोललो ना, एकीला तरी आहे.

गेला तो. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आता चार महिने झाले. बाजाराच्या पलीकडच्या रस्त्याला गाळा घेतलाय म्हणे, छोटाच आहे, आणि काल पुतणीकडून निरोप आला, खुर्ची न्यायला उद्या पाचला येतो, दादाला चालेल ना? चालेल ना! मी म्हटलं, न्या की, मला काय, जागा तरी होईल. हिनं कालपासून टोमण्यांशिवाय बोलणं टाकलंय माझ्याशी. काल रात्री म्हटलं, जरा मागे फेस लावून दे, मला दिसत नाही, तर म्हणाली, भावजींना बोलवा, त्यांना जागा माहीत आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणून वर टोमणा. आणि खरंच सांगतो, हे त्या डब्यावर कोणी छापत नाही, पण भोवऱ्यावर फेस लावायला दुसरा माणूस लागतो. दोन आरसे घेऊन करून बघितलं मी. हात डावीकडे न्यावा तर तो उजवीकडे जातो, बोटावरचा फेस वाटेतच वितळतो, कॉलरीत उतरतो. केस बाजूला करून कातडीला लावायचा असतो, तो नुसता केसांना लागतो. तीस वर्षं लोकांच्या डोक्यामागे उभा राहिलो, आणि माझ्या डोक्यामागे उभं राहायला कोणी नाही. हे मला आवडत नाही, साहेब. अजिबात आवडत नाही. केस बघा, कानावर आलेत, चार महिन्यांत कोणाला हात लावू दिला नाही मी. दुसऱ्या न्हाव्याकडे जाऊ? मी?

घ्या, झालं तुमचं. मानेवर पावडर — हं. आता आरसा. तुम्हाला मी आज वर धरून दाखवणार आहे, भोवऱ्यावर, लबाडी नाही. ही बघा. बघितलीत? ही जागा तुमची. रुपयाएवढी आहे, अजून बशी नाही झाली. असे पांढरे का पडलात? तुम्हालाच हवं होतं ना, फरक आहे का, फरक आहे का? हा घ्या फरक. आता रस्त्यानं जाताना सारखा हात मागे जाणार तुमचा, ऑफिसात दिव्याखाली बसणार नाही, कोणी मागे उभं राहिलं की वळणार. खरं सांगून मी काय दिलं तुम्हाला? काही नाही दिलं. असो. कापड सोडतो. थांबा, जाऊ नका, एक काम करा. माझ्या मागे या. या हो, चावत नाही. मी वाकतो. भोवऱ्यापाशी बघा नीट, बोटानं केस बाजूला करून बघा. दोन महिने पुसण्यात गेले, पण पुढचे दोन महिने जमेल तसा लावलाय. आलंय का काही? लव? बारीक सुद्धा चालेल. खरं सांगा, तुमचं माझं काय नातं, तुम्हाला काय पडलंय, तुम्ही तर खरंच सांगणार.

काय म्हणालात?

‘आलेत की, बारीक बारीक, छान वाटतंय.’

हं. हा आवाज ओळखतो मी. हा असा मऊ, घाईघाईचा, आणि वाक्य संपायच्या आत डोळे दुसरीकडे. मला वाटत होतं, हा आवाज मी शोधून काढलाय, मी शिकवलाय धाकट्याला. तुम्हाला कोणी शिकवला? अर्धा तास तुमचा अपमान करतोय मी, तुम्हाला केविलवाणा म्हटलं, भोवरा वर धरून दाखवला — आणि तरी तुम्ही म्हणता छान वाटतंय. का म्हणालात? नाही, सांगू नका. कळलं. वाकलेला माणूस समोर असला की निघतंच ते तोंडातून. मग धाकट्यालाही मी कशाला शिकवायला हवं होतं. सहा-सात वर्षं, दर सुट्टीला, तो मागे उभा राहून... आणि मी काय म्हणालो त्याला? गळा कापलास.

वाजला बघा हॉर्न. पाच झाले? पाचला पाच कमी आहेत, त्याचं नेहमीचंच, पाच मिनिटं आधी. हमाल आहेत बरोबर? दोन? आणि तो? तो उतरला का खाली? बघू नका तसं दारातून, कळेल त्याला. इकडे या. लवकर. मी त्या खुर्चीवर बसतोय. हो, त्याच्याच. ते कापड घ्या खुंटीवरचं, माझ्या गळ्याला बांधा. घट्ट बांधा, गाठ मागे, अशी नाही, अहो किती वेंधळे तुम्ही, ऑफिसात काय काम करता कोण जाणे — हं, आता बसली. तुम्ही काही बोलू नका त्याला. दादानं सांगितलंय वगैरे काही नको. नियम त्याला माहीत आहे. आरसा तिथे उपडा ठेवा. तुमचा डबा घ्या — तो नाही, तो माझा, इथेच राहू दे, त्याच्या हाताशी. हा तुमचा. बोटं थंड पाण्यानं धुवायची, पुसायचं नाही. निघा आता. निघा म्हटलं ना! दार उघडंच राहू द्या.